शेमामा

मोड आलेला कडवा वाल दोन बोटांत धरून हलकेच दाबला की साल सुटते आणि आतली डाळिंबी निसटून ताटात पडते. त्याला आवाज म्हणावं का, कोण जाणे. मिटलेले ओठ उघडताना होतो तेवढाच, ओलसर आणि बारीक. एरवी तो कुणाच्या कानावर यायचा नाही, कारण वाल सोलायला बायका बसल्या की गावभरच्या गोष्टी निघतात. पण श्रावण लागून आठवडा झालेला, कौलांवरून पागोळ्यांची धार, स्वयंपाकघरात दिवसाढवळ्या काळोख, आणि पितळी परातीभोवती बसलेल्या चौघींपैकी कुणीच तोंडातून शब्द काढत नाही, अशा दुपारी मात्र तो ऐकू येतो. मला तर इतक्या वर्षांनी अजून येतो. त्याच्यामागून वास येतो, भिजल्या वालांचा तो उग्र, हिरवट, थोडा मातीचा वास, बोटांच्या पेरांत शिरला की दोन दिवस साबणाला दाद न देणारा.

आमचं घर अलिबागला, इस्रायल आळीच्या तोंडाशी. मावशी म्हणजे आईची मैत्रीण, बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू घरातली. तिच्या माहेरी पूर्वी तेलाचा घाणा होता. शनिवारी घाणा बंद, म्हणून सगळा गाव त्या लोकांना शनवार तेली म्हणायचा, आणि त्यांनाही त्यात काही वावगं वाटत नसे. मावशीची धाकटी लेक माझ्या वर्गात. त्यांचे सण आमच्या तोंडी आमच्याच सणांसारखे होते: नव्याचा सण, खिरीचा सण आणि पावसातला हा बिरड्याचा सण. त्यांचाही महिना चंद्रावर चालतो, त्यामुळे आव महिन्यातली ती नववी आपल्या शुद्ध नवमीच्या आगेमागे येते. आठ दिवस आधीपासून घरात सामिष शिजत नसे, नववीला कडकडीत उपास, आणि रात्री उपास सुटताना बिरडं. मला तेव्हा त्यातलं एवढंच कळत होतं की सण आहे तर कुणी हसत का नाही.

शेवटी न राहवून मी विचारलं, ‘‘मावशी, कोण वारलं?’’

तिनं हातातला वाल सोलून झाल्यावर वर पाहिलं. ‘‘गाव वारलं, बाय.’’

‘‘आपलं?’’

‘‘आमचं. लई जुनं.’’

आणि पुन्हा तो आवाज. डाळिंबी. साल. डाळिंबी.

आदल्या संध्याकाळी त्यांच्या मशिदीत (प्रार्थनागृहाला ते मशीदच म्हणत) पुरुष जमिनीवर बसून, दिवे मंद करून काहीतरी वाचत असलेले मी ओट्यावरून पाहिले होते. तो बायबलमधल्या विलापगीताचा पाठ होता हे मला फार उशिरा समजलं. इसवी सनापूर्वी ५८६ च्या सुमारास बाबेलच्या नबुखद्नेस्सरानं यरुशलेम जाळलं, मंदिर पाडलं, माणसं धरून नेली. पुन्हा उभं राहिलेलं मंदिर इसवी सन ७० मध्ये रोमनांनी जाळलं. दोन्ही दुःखं परंपरेनं त्या एकाच तिथीला बांधली. आणि कोकणच्या किनाऱ्यावर, ज्यांच्या पूर्वजांना हिब्रू कधीच विसरायला झाली होती, त्या घरांतल्या बायका त्या तिथीला वाल सोलत बसत होत्या.

मग एका मे महिन्यात ते सगळे इस्रायलला निघून गेले. आळीतली घरं एकेक करून मिटत चाललीच होती. मावशीनं दाराच्या चौकटीला हात लावला, तो हात ओठांना लावला, काकांनी कुलूप घातलं. पुढच्या पावसात नववी कधी आली आणि गेली, ते आम्हाला कळलंसुद्धा नाही.

शेमामा हा शब्द मला पहिल्यांदा भेटला तो मावशीच्या लेकीच्या, माझ्या मैत्रिणीच्या पत्रात. निळ्या एरोग्रामवर, आमच्याच शाळेनं घोटून घेतलेल्या देवनागरीत तिनं बेरशेब्याहून लिहिलं होतं: आमच्या बिल्डिंगच्या मागं रस्ता संपतो, तिथून पुढं सगळी श्मामा. पाऊस नाही. वाल मिळत नाहीत. मला वाटलं तिला ‘शेमा’ म्हणायचं असेल, हात घसरला असेल. शेमा मला माहीत होता. बाळ जन्मलं की शेमा, लग्नात शेमा, माणूस जाताना उशाशी शेमा. शतकानुशतकं बाकी सगळे मंत्र विसरले तरी बेने इस्रायलांच्या ओठांवर टिकलेली ती एकच प्रार्थना, आणि तिचा पहिला शब्द म्हणजे फक्त ‘ऐक’. म्हणून मी ते वाक्य असं वाचलं की रस्ता संपतो आणि तिथून पुढं सगळं ऐकायचं आहे. चुकीचं वाचलं. पण ती चूक मला अजून टाकवत नाही.

नोकरी संपल्यावर मी हिब्रू अक्षरं गिरवायला घेतली ती या एका शब्दासाठी. शेमाच्या शेवटी ‘आयिन’ नावाचं अक्षर असतं, गळ्याच्या खोल तळातून येणारं, आपल्या वर्णमालेत ज्याला जागा नाही. शेमामात ते नाही. तिथं शीन, मेम आणि पुन्हा मेम. दोन धातू वेगळे, त्यांचं नातं नाही. आपल्या ‘शम’शीही नाही, कानाला कितीही भास झाला तरी. क्रियापद आहे ‘शामेम’. एकदा म्हणून पाहा. शेवटी तोंड मिटलेलं राहतं.

कोशात अर्थ पाहिला तर ओसाड, उजाड, उद्ध्वस्त. आणि त्याच नोंदीत, त्याच धातूखाली, लगेच पुढं: भयचकित होणे, सुन्न होणे, वाचा बसणे. मी आधी समजले की दोन निराळे शब्द योगायोगानं एकत्र छापले असावेत. ते तसं नाही. बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायात एकाच वचनात हा धातू दोनदा येतो. देव म्हणतो की मी भूमी ओसाड करीन, आणि तिथं राहायला येणारे तुमचे शत्रू ते पाहून सुन्न होतील. ओसाड आणि सुन्न, दोन्हीकडे तेच शीन-मेम-मेम. भूमीला जे झालं तेच पाहणाऱ्याला झालं, आणि पाहणारा तर शत्रू. भाषेनं त्या दोघांमध्ये भिंत घातली नाही. माझ्या लेखी या शब्दाचं सारं मोठेपण इथं आहे. तो नुसत्या रिकाम्या जागेचं वर्णन करत नाही. त्या जागेपुढं येऊन उभं राहिलेलं, आवाज गेलेलं माणूसही तो आपल्या पोटात धरून ठेवतो.

आपल्याकडे असा शब्द नाही म्हणून मी कितीतरी दिवस खंत करत होते. ओसाड म्हटलं की माळरान दिसतं, भकास म्हटलं की भिंती. आणि मग एकदा आई बोलता बोलता म्हणाली, मावशी गेली आणि आळी सुनी झाली, मी तर चार दिवस सुन्नच होते. सुनं आणि सुन्न. दोन्ही ‘शून्या’चीच लेकरं. एक घराला लागलं, एक माणसाला, आणि आपण रोज दोन्ही शेजारी शेजारी वापरतो, त्यांची आई एक आहे हे विसरून. वयाच्या ऐंशीव्या वर्षी आईनं मला ते न शिकवता शिकवलं.

या धातूचं मला सर्वांत जवळून दिसलेलं रूप मात्र शहराचं नाही, एका मुलीचं आहे. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात दावीद राजाची लेक तामार. तामार म्हणजे खजुराचं झाड. तिचा सावत्र भाऊ अम्नोन आजाराचं सोंग करून तिला आपल्या घरी बोलावतो, तिच्या हातच्या पोळ्या मागतो. ती त्याच्यासमोर कणीक मळते, थापते, भाजते. या कणकेवर मी नेहमी थांबते. ज्यानं ही गोष्ट लिहिली त्याला तिच्या हातांकडे पाहायला वेळ होता, पुढं काय येणार आहे ते ठाऊक असतानासुद्धा. मग अम्नोन तिच्यावर बलात्कार करतो आणि तिला दाराबाहेर काढून कडी लावायला सांगतो. ती डोक्यावर राख घालते, राजकन्येचा तो सुंदर झगा फाडते, डोक्यावर हात ठेवून मोठमोठ्यानं रडत चालत जाते. सख्खा भाऊ अबशालोम तिला म्हणतो, आता गप्प राहा. बाप रागावतो, आणि करत काहीच नाही. आणि मग ते अर्धं वाक्य, की तामार आपल्या भावाच्या घरी राहिली, ‘शोमेमा’.

एवढंच. त्यानंतर ती गोष्टीत नाही. तिच्या नावावर सूड आहेत, लढाया आहेत, पुढं अबशालोमाच्या एका मुलीचं नाव तामार ठेवलेलं आहे. ती स्वतः कुठेच नाही. अनुवादक त्या शब्दापाशी अडखळतात. उदास राहिली म्हणावं, एकाकी म्हणावं, की उद्ध्वस्त म्हणावं? मला वाटतं हिब्रूत ते सगळं एकदम आहे. जाळलेल्या गावासारखी, आणि ते गाव पाहून वाचा बसलेल्या वाटसरूसारखीही. आणि विलापगीताच्या पहिल्या अध्यायात, बाईच्या रूपात रडणारं यरुशलेम स्वतःविषयी जो शब्द वापरतं तो नेमका हाच, अक्षर न् अक्षर हाच: शोमेमा. कवीला तामार आठवली असेल का? ते सांगता येत नाही. पण भाषेला ती आठवत होती.

इथं मला नेहमी केडगाव दिसतं. पंडिता रमाबाई. दुष्काळात आईवडील डोळ्यांदेखत गेले, पुढं भाऊ गेला, १८८२ मध्ये नवरा गेला, १९२१ मध्ये एकुलती एक मनोरमा गेली. आणि ही बाई हिब्रू आणि ग्रीक शिकून, मूळ पाठ समोर ठेवून, साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत सगळं बायबल उतरवत होती. ५ एप्रिल १९२२ ला ती गेली. १९२४ मध्ये केडगावच्या मुक्ती सदनाच्या छापखान्यातून ते बाहेर पडलं, जिथं खिळे जुळवणारे हात दुष्काळातून आणि टाकलेपणातून आलेल्या मुलींचे होते. यशयाच्या चोपन्नाव्या अध्यायात शोमेमा बाईला सांगितलं आहे की, नांदत्या बाईपेक्षा तुझीच लेकरं जास्त. ते वचन मराठीत आणताना रमाबाईंच्या खिडकीबाहेर कोण खेळत असेल, याचा विचार मनात आला की माझं वाचन तिथंच थांबतं.

विलापगीताची आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. त्याची पाच गाणी. पहिल्या चार गाण्यांत कडवी वर्णमालेच्या क्रमानं सुरू होतात, बावीस अक्षरं, आलेफपासून तावपर्यंत. जणू हुंदका अनावर होऊ नये म्हणून कुणी क, ख, ग चा कठडा धरला आहे. पाचव्या गाण्यात वचनं बावीसच, पण क्रम सुटलेला. कठडा हातातून गेला. आणि त्याच गाण्यात, सियोन डोंगर ओसाड पडला आहे असं म्हणताना, पुन्हा हाच धातू येतो आणि त्याच्यामागून कोल्हे. देवळाच्या जागी कोल्हे फिरत आहेत. ओसाडीचं एवढं नेमकं चित्र मला दुसरं माहीत नाही. ढिगारा नाही, राख नाही. एक जनावर, जे मुळीच भ्यायलेलं नाही.

तालमूद या ज्यू धर्मग्रंथात याच कोल्ह्याची पुढची गोष्ट आहे. दुसरं मंदिर पडल्यानंतर चार विद्वान यरुशलेमला चढून जातात. जिथं परमपवित्र गाभारा होता, जिथं महायाजकही वर्षातून एकाच दिवशी जाई, तिथून कोल्हा बाहेर पडतो. तिघं रडतात. चौथा, रब्बी अकिवा, हसतो. ते विचारतात, हसतोस काय? तो म्हणतो, नाश होईल हे भाकीत खरं झालं. म्हणजे जखऱ्या संदेष्ट्यानं सांगितलेलं दुसरंही खरं होणार, यरुशलेमच्या गल्ल्यांत पुन्हा म्हातारे-म्हाताऱ्या हातात काठी घेऊन बसतील, पोरं खेळतील. तिघांचं सांत्वन झालं, असं पुढं लिहिलं आहे. माझं पूर्ण होत नाही. मी अजून त्या तिघांबरोबर आहे. पण अकिवानं पुराव्यासाठी काय मागितलं ते पाहा: नवं मंदिर नाही, सिंहासन नाही. ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या.

आणि बेरशेबा? मैत्रिणीच्या पत्रातली ती श्मामा, रस्ता संपतो तिथून पुढची. तिच्या नव्या देशात तो शब्द अभिमानानं घेतला जात होता; ओसाडी फुलवायची, असंच सगळे म्हणत. काकाही म्हणत असतील. पण बेरशेबा हे १९४८ च्या ऑक्टोबरपर्यंत बीर अस-सबा होतं, आणि युद्धात ते घेतलं गेलं तेव्हा तिथं उरलेल्या अरब रहिवाशांना घालवून देण्यात आलं. त्यांचीही दारं होती, त्यांच्याही चुलीशी काहीतरी भिजत पडलं असेल. माझी मावशी एक घर सुनं करून गेली ती आधीच सुन्या झालेल्या गावात. हे मी तिला कधी लिहिलं नाही. लिहायला हवं होतं की नाही, अजून ठरवता येत नाही. एवढं खरं, की हा शब्द कुणा एकाच्या मालकीचा नाही, आणि ज्याला आपण ओसाड म्हणतो तिथं आधी कोण राहत होतं, हे विचारल्याशिवाय तो उच्चारू नये.

लेवीयाच्या त्याच अध्यायात आणखी एक विलक्षण गोष्ट सांगितली आहे: माणसं गेल्यावर भूमी आपले राहून गेलेले विसावे घेईल. दर सातव्या वर्षी तिला पडीक ठेवायची होती, ती ठेवली नाही, म्हणून ओसाडीचे सगळे दिवस ती शब्बाथ पाळील. बायबलमधल्याच ‘इतिहास’ नावाच्या पुस्तकात तो हिशेब सत्तर वर्षांचा भरतो. शनवार तेल्यांच्या बंद घाण्यासारखी, हात आवरून बसलेली भूमी. मावशीच्या अंगणात मी ते पाहिलं आहे. पहिल्या वर्षी गवत, तिसऱ्या वर्षी आघाडा आणि रानतुळस, दहाव्या वर्षी ओट्याच्या फटीतून पिंपळ. त्याच्यावर पोपट आले. मी कठड्याशी उभी राहून पाहत असे, आणि मला रडू येई, आणि ते हिरवं सुंदरही दिसे.

यशयाच्या पुस्तकाच्या शेवटाकडे यरुशलेमला सांगितलं आहे की आता तुझ्या भूमीला कुणी शेमामा म्हणणार नाही, तिचं नाव बेऊला, म्हणजे ‘नांदती’. तिथं उजाडपणाचं नाव पुसून नांदतेपणाचं ठेवलं. आमच्याकडे उलट झालं. घरं मोजकी उरली आणि नाव तसंच राहिलं. रिक्षावाल्याला आजही इस्रायल आळी सांगितली की तो बरोबर आणून सोडतो.

काही वर्षांपूर्वी मैत्रीण आली होती, नेमकी श्रावणात. मावशी तिकडेच गेली. तिच्या उशाशी शेमा म्हटला, एवढं तिनं सांगितलं. आम्ही दोघी घरासमोर जाऊन उभ्या राहिलो. कुलपाची किल्ली तिच्या पर्समध्ये होती. तिनं ती बाहेर काढली, हातात धरली, आणि परत ठेवली. तिच्याकडे पाहावं की घराकडे, मला कळेना. पाऊस आला तेव्हा आम्ही माझ्या स्वयंपाकघरात आलो. मी तीन दिवसांपूर्वी भिजवलेले वाल फडक्यातून सोडले, कोमट पाण्यात घातले, मधे तीच परात ठेवली. तासभर आम्ही सोलत होतो. कुणी काही बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी तिचं विमान होतं. मिठागरापलीकडच्या वाण्याकडून तिनं दोन किलो कडवे वाल घेतले आणि कपड्यांच्या मध्ये नीट बांधून बॅगेत भरले.